बगळ्यांचा उन्हाळा

मार्च संपता संपता इथे लंडनमध्ये घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि त्याच सुमारास कधीतरी कौन्सिलची माणसं येऊन आमच्या घरामागच्या पार्कमधलं गवत पहिल्यांदा कापतात. हिवाळाभर भिजून जड झालेलं ते गवत. वास ओला, हिरवट, थोडा काकडीच्या सालीसारखा. खिडकी उघडली की तो स्वयंपाकघरात शिरतो, मोहरीच्या फोडणीशी क्षणभर झटापट करतो, आणि माझा उजवा खांदा माझ्या नकळत गोल फिरू लागतो. अजित, माझा नवरा, चहाच्या कपामागून हसतो. "झाला तुझा सीझन सुरू," म्हणतो.

यंदा त्या वासाच्या पाठोपाठ मार्कसचा मेसेज आला. अमेरिकेतल्या एका मेजर लीग बेसबॉल क्लबचा जो खालच्या पायरीवरचा संघ असतो, जिथून पोरं घडून वर जातात, त्या संघाचा तो मॅनेजर झाला. केटीची बातमी थंडीतच आली होती. इथल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या एका बेसबॉल संघाने तिला मॅनेजर नेमलं. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे फायली बघणारा माणूस नव्हे. कोण खेळणार, कोण कुठे उभं राहणार, कोणाला बाहेर बसवायचं, कोणाला कधी पळवायचं हे सगळं त्याने ठरवायचं, आणि हरल्यावर लोकांनी नाव त्याचंच घ्यायचं.

आणि हे दोघं एके काळी पिनरजवळच्या एका खडबडीत मैदानावर माझ्याबरोबर खेळायचे. खेळायचे कमी आणि भांडायचे जास्त. आता कौतुकाने त्यांची नावं घेतली जातात तेव्हा मला आधी त्यांचे मातीने भरलेले गुडघे दिसतात. मग तो सबंध उन्हाळाच उठून उभा राहतो.

आम्ही लंडनच्या कडेला, हॅरोला आलो ते नोव्हेंबरात. दुपारी चारलाच अंधार. एका डेंटिस्टच्या दवाखान्यावरचा फ्लॅट मिळाला होता, आणि दिवसभर खालून बारीक ड्रिलचा आवाज यायचा. अजित सकाळी मेट्रोपोलिटन लाइन पकडून सिटीत जायचा. मी लॅपटॉप उघडून नोकरीचे अर्ज भरायची. पुण्यात बँकांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग बरीच वर्षं केलं होतं, माझ्या हाताखाली माणसं होती. इथे मात्र फोनवरचा प्रत्येक गोड आवाज शेवटी एकच म्हणायचा, लोकल एक्स्पीरियन्स नाही ना तुम्हाला. जणू माझा अनुभव मुंबईच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावरच राहून गेला होता. दिवसभर कुणाशी बोलणं नाही. संध्याकाळी अजितला दार उघडून "आलास?" म्हणायची तर आवाज घोगरा फुटायचा, कारण तो दिवसातला पहिला शब्द असायचा.

एप्रिलमध्ये आई आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, अमरावतीच्या. नोकरीभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देणं हा त्यांच्या हातचा मळ. इंग्रजी मोजकंच, पण ते वापरताना संकोच नावाची गोष्ट नाही. आल्याच्या आठवड्यात त्यांना खालच्या डेंटिस्टच्या रिसेप्शनिस्टच्या मुलीचं नाव माहीत होतं. मला अजून रिसेप्शनिस्टचंही माहीत नव्हतं.

रोज सकाळी त्या साडीवर अजितचं जुनं जॅकेट चढवून पार्कात फिरायला जायच्या. एका रविवारी लगबगीने परत आल्या. दम लागलेला, नाक लाल.

"मीनल, चल. बूट घाल."

"कुठे?"

"तिकडं तुझा खेळ चालून राहिला. हातात ते चामड्याचे पंजे घालून. मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंत?"

"माय डॉटर-इन-लॉ. सॉफ्टबॉल. युनिव्हर्सिटी टीम. व्हेरी फास्ट." मग जरा थांबून, "ते थांबून राहिले तुझ्यासाठी. म्हातारा माणूस हाय, जास्त वेळ उभं नको ठेवू त्याला."

मी खरंच खेळले होते. शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत. सॉफ्टबॉल आपल्याकडे अमरावती, जळगाव या बाजूला पोरींच्या रक्तात असतो. पण लग्नानंतर, नोकरीनंतर, तो माझ्या बोलण्यातूनही गेला होता. आईंनी तो लग्नाआधी आमच्या घरी टांगलेल्या एका फोटोतून लक्षात ठेवला होता.

तो म्हातारा माणूस म्हणजे डेरेक. ट्यूबचे, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचे, निवृत्त ड्रायव्हर, आणि त्या हौशी संघाचे मॅनेजर. संघाच्या जर्सीवर बगळा होता, म्हणून आमच्या घरात त्या टीमला पहिल्या दिवसापासून 'बगळे' असंच नाव पडलं. डेरेकनी मला कुणाचा तरी ग्लव्ह दिला. आतून ओलसर, कुबट, दुसऱ्याच्या घामाने मऊ झालेला. "सॉफ्टबॉलपेक्षा हा चेंडू लहान आहे, आणि जोरात येतो. जपून हं," ते म्हणाले. चेंडू आला. थप्प. तळव्यात कळ उठली, ती कोपरापर्यंत गेली, आणि मला एकदम आमच्या कॉलेजच्या मैदानातली लाल धूळ, पाण्याचा माठ, दुपारची निंबाची सावली असं सगळं त्या एका कळेत परत मिळालं. शरीर किती प्रामाणिक असतं! डोक्याने सोडून दिलेल्या गोष्टी ते गुपचूप सांभाळून ठेवतं.

डेरेकनी मला संघात घेतलं आणि राइट फील्डला उभं केलं. उजवीकडे, पार लांब, जिथे चेंडू फारसा येतच नाही. सद्भावनेनेच केलं त्यांनी. परक्या देशातून आलेल्या बाईला लागू नये, एवढीच इच्छा. मग मी रविवारचे रविवार तिथे उभी. पायांशी डेझीची फुलं, डोक्यावर घिरट्या घालणारी घार, त्याच्याही वर हीथ्रोकडे उतरणारी विमानं. त्यांच्या पोटाकडे बघत मी मनात म्हणायची, उलटं निघालेलं एखादं विमान मलाही घेऊन जाईल तर बरं.

तिथे मला सोबत होती ती वाऱ्यावर येणाऱ्या एका भांडणाची. केटी आमची पिचर, चेंडू फेकणारी. पिनरच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. उंच, लाल गालांची, सगळं आत्ताच्या आत्ता हवं असणारी. मार्कस आमचा कॅचर, फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून तिचा चेंडू झेलणारा. हॅरोतल्या बुटांच्या दुकानात काम करायचा. बोलायचा हळू, पण मागे हटायचा नाही. दर थोड्या वेळाने खेळ थांबवून तो उठायचा, मैदानाच्या मधोमध तिच्यापाशी जाऊन उभा राहायचा, आणि सुरू.

"घाई का करतेस? त्याला वाट बघू दे."

"वाट बघायला मी बस स्टॉपवर उभी आहे का?"

"तो बाहेरच्या चेंडूवर बॅट घालणार आहे, बघ."

"आणि नाही घातली तर?"

"तर मग तू मला वर्षभर ऐकवशील."

अंपायर घड्याळ बघायचा. आई बाकावरून विचारायच्या, "नवरा-बायको हायेत का हे?" नव्हते. पुढेही झाले नाहीत. दोघांना हा खेळ जिवापाड आवडायचा, आणि दोघांना तो अगदी वेगळा दिसायचा, एवढंच.

जुलैत डेरेकना हार्ट अटॅक आला. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण त्या सीझनला मैदानावर येणं शक्य नव्हतं. पुढच्या रविवारी आम्ही सगळे कार पार्कात गोल करून उभे राहिलो. आता कोण? कुणीच पुढे येईना. शेवटी मार्कस म्हणाला, "अर्धं मी बघतो, अर्धं केटी." सगळे हसले. ते दोघं मात्र हसले नाहीत.

पहिला निर्णय त्यांनी तिथेच घेतला. केटी माझ्याकडे वळली. "मीनल, तू आजपासून शॉर्टस्टॉप."

पळणाऱ्याने एकामागून एक गाठायचे टप्पे म्हणजे बेस; शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा. मैदानातली सगळ्यात वर्दळीची. कॉलेजात मी तिथेच उभी राहायची, पण हे मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी? का?"

उत्तर मार्कसने दिलं. "चेंडू बॅटला लागायच्या आधी तुझे पाय हलतात. तिकडे लांब उभी असतेस तरी हलतात. मी समोरून बघतो ना सगळ्यांना."

 इतके महिने या देशात मी कुणाला दिसतच नव्हते असं मला वाटत होतं. आणि इथे एक बुटांच्या दुकानातला मुलगा माझे पाय बघत होता, चेंडू न येणाऱ्या जागी हलणारे.

पुढचे रविवार म्हणजे नुसती धांदल. खरचटलेले गुडघे, नखांत माती, उन्हाने तापलेल्या ग्लव्हचा वास. ऑगस्टमध्ये अर्धा संघ सुट्टीवर गेला आणि एका सामन्याला नऊ माणसं जमेनात. आधीच एकदा तसं झालं होतं. पुन्हा झालं तर लीगमधून नाव जाणार होतं. मी अजितला घेऊन गेले. तो मुंबईत शिकताना शिवाजी पार्कात क्रिकेट खेळलेला, त्यामुळे आढ्यता भरपूर. पहिलाच चेंडू त्याने सुरेख टोलवला, आणि बॅट बगलेत धरून पळत सुटला. क्रिकेटमध्ये बॅट घेऊन पळतात, बेसबॉलमध्ये ती टाकून द्यायची असते. सगळं मैदान ओरडतंय, "ड्रॉप इट!" आणि बाकावरून आईंचा खणखणीत आवाज, "अरे टाक नं बाप्पा ते दांडकं!" तो बेसवर पोचला बॅटसकट. अंपायरने टोपीने तोंड झाकून घेतलं होतं. मार्कसने नंतर अजितचे दोन्ही खांदे धरून त्याला अगदी गंभीरपणे सांगितलं, "उत्तम. पुढच्या वेळी एकटा ये."

तरीही एक गोष्ट मी ठरवून टाकली होती. सप्टेंबरात आई परत जाणार होत्या, आणि मी त्यांच्याबरोबर जाणार होते. रविवारचा दिवस सोडला तर बाकीचा आठवडा तसाच होता, तेच ड्रिल, तीच गोड नकारघंटा. अजितला सांगितलं तेव्हा तो खिडकी लावायला उठला. "जा," म्हणाला. "परत येशील ना पण?" मी कपाटावरची बॅग खाली काढली.  त्याच आठवड्यात एक इंटरव्ह्यू ठरला होता, आणि तिथे जायचंसुद्धा माझ्या मनात नव्हतं.

शेवटचा सामना आला. हवेत पहिला गारवा, मैदानाच्या कडेने ब्लॅकबेरी काळ्या पडलेल्या. डेरेक आले होते. घडीच्या खुर्चीत, मांडीवर पांघरूण घेऊन. शेजारी आई. डेरेकना एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि आईंचं इंग्रजी मोजकं, त्यामुळे दोघांच्या गप्पा फार उत्तम चालल्या होत्या.

शेवटची इनिंग. आम्ही एका रनने मागे. मी दुसऱ्या बेसवर, आमची एकच विकेट शिल्लक म्हणा हवं तर. तिसऱ्या बेसजवळ केटी उभी होती. पळणाऱ्याला थांबवायचं की पुढे पाठवायचं, हे त्या जागेवरच्या माणसाने हाताने दाखवायचं असतं. चेंडू टोलवला गेला, लांब गेला, आणि मी सुटले. केटीचा हात पवनचक्कीसारखा गरगर फिरत होता. जा, जा, जा! मी तिसरा बेस ओलांडला. समोर होम प्लेट, तिथे पोचले की बरोबरी. मी स्वतःला जमिनीवर झोकून दिलं. तोंडात माती, कोपर सोललेलं, कानात स्वतःचाच श्वास. वर बघितलं तर समोरच्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये चेंडू होता, आणि अंपायरची मूठ हवेत.

आउट. सामना संपला. सीझन संपला.

तशीच पडून राहिले. आमच्यातलाच कुणीतरी पुटपुटला, "थांबायला हवं होतं तिने." ते मला ऐकू आलं. ते केटीलाही ऐकू आलं. ती तिथून चालत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ती मी पाठवलं म्हणून पळाली. आउट मी झालेय. ती नाही."

मग मार्कस आला. त्याने हात पुढे केला, मला उभं केलं, पाठीवरची माती झटकली. "पाठवायलाच नको होतं तुला," तो म्हणाला. केटीकडे बघत. मग माझ्याकडे बघून, "पण काय पळालीस!"

मी रडत होते, पण हरल्यामुळे नव्हे. त्याआधी जिथे जिथे काम केलं तिथे चूक ही उतारावरच्या दगडासारखी खाली खाली येताना पाहिली होती. वरचा माणूस बाजूला सरायचा आणि ती सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन पडायची. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कुणीतरी ती वरच्या वर झेलली. आणि झेलणारीशी तिथेच मतभेद असणाऱ्या माणसाने मला हात दिला. दोघंही बरोबर होती. दोघांनाही तेव्हा 'मॅनेजर' म्हणणारं कुणी नव्हतं.

घरी चालत येताना आई माझ्या सोललेल्या कोपराकडे बघत होत्या. पार्कच्या फाटकाशी थांबल्या.

"तू माझ्यासंगं चालली म्हणते."

"हो."

"मी त्या डेरेकला सांगून ठेवलं हाय. नेक्स्ट इयर, सेम प्लेस. त्यानं हातावर हात मारला माझ्या." त्यांनी जॅकेटची चेन वर ओढली. "आता या वयात मले खोटं पाडते काय, बाई?"

 आणि फाटक उघडून पुढे चालू लागल्या. ज्यांच्याशी मला जोडायचं होतं त्यांच्याशी जोडून देऊन त्या बाजूला झाल्या होत्या.

इंटरव्ह्यूला मी कोपराला पट्टी लावून गेले. समोरच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी सगळं सांगितलं, अगदी केटीच्या वाक्यासकट. त्या जरा पुढे सरकून बसल्या. नोकरी त्यामुळेच मिळाली असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी माझा आवाज घोगरा नव्हता, एवढं खरं. हीथ्रोवर आईंना सोडायला आम्ही दोघं गेलो आणि दोघंच परत आलो. परतताना ट्रेनमध्ये अजितने माझा हात धरून ठेवला होता, तो थेट हॅरो येईपर्यंत.

पुढचं सगळं हळूहळू घडलं. मार्कस पैसे साठवून अमेरिकेला गेला. कुठल्या कुठल्या गावांत दुय्यम कोच म्हणून राबला, बसमध्ये झोपला. केटी शाळा सांभाळून मुलींचे संघ उभे करत राहिली, मग मोठ्यांचे. डेरेक आता नाहीत. आईंनी दिलेला शब्द त्यांच्या डोळ्यांदेखत कितीतरी वर्षं पाळता आला, याचं समाधान आहे. आणि मी ऑफिसात टीम लीड झाले. एकदा माझ्या टीममधल्या नवख्या मुलीने तपासलेलं सॉफ्टवेअर ग्राहकाकडे गेलं आणि मोठी गडबड झाली. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ते मी पाठवलं होतं." खरंच मीच पाठवलं होतं. पण ते म्हणायचं असतं हे मी गवतावर पडून शिकले होते.

परवा आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर बोललो. मार्कसच्या मागे पामची झाडं, केटीच्या मागे पाऊस. अभिनंदन वगैरे पटकन उरकलं, आणि मग तो म्हणालाच, "मी आजही मीनलला तिसऱ्या बेसवर थांबवलं असतं."

"म्हणूनच तुझा संघ रन काढत नाही," केटी म्हणाली. पुढे बराच वेळ मला बोलायची गरज पडली नाही. मी गाल हातावर टेकवून ऐकत होते. माझ्या आयुष्यातल्या एका धावेबद्दल दोन जाणती माणसं अजून भांडताहेत, याहून मोठा मान मला कुणी दिलेला नाही.

फोन ठेवला आणि लगेच अमरावतीला लावला. आई आता थकल्यात, पण आवाज तोच, लाइन कितीही वाईट असली तरी पोचणारा. मी दोघांच्या बातम्या सांगितल्या. "दोघंही मॅनेजर झाले, आई. मोठ्या संघांचे."

"अरेरे. म्हणजे खेळणं बंद झालं पोरांचं?"

मला हसू आलं. "हो, आता स्वतः खेळत नाहीत. पण या खेळात एक गंमत आहे. मॅनेजरसुद्धा खेळाडूंसारखाच ड्रेस घालतो. तीच जर्सी, पाठीवर नंबर, तसंच सगळं. सामना सुरू असताना तसाच बाकाजवळ उभा राहतो."

 पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मग बरं," आई म्हणाल्या. "म्हणजे एखादं माणूस कमी पडलं तर उतरता येते."